बाणाचे पंख रेस्टला घासतात: नवा रेस्ट घेण्याआधी काय तपासावं

अलिबागपासून मालवणपर्यंत किनाऱ्यालगत कंपाउंड धनुष्य, म्हणजे टोकांना चाकं (कॅम) आणि त्यांना जोडणाऱ्या केबल असलेलं धनुष्य, वापरणाऱ्यांची एकच तक्रार फिरून फिरून येते: "रेस्ट गेला वाटतं, आता कुठला घेऊ?" रेस्ट म्हणजे धनुष्यावर बाण टेकतो तो भाग, आणि बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. सुटताना बाणाचे पंख कुठेतरी घासत असतात आणि घासण्याचं मूळ भलतीकडेच असतं. ते तसंच ठेवून महागडा रेस्ट बसवला की थोडे दिवस बरं चालतं आणि पाऊस लागला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

इकडे दिसणारी बरीचशी धनुष्यं परदेशात शिकारीसाठी म्हणून विकली जाणारी आहेत. आखूड, अंगावर झाडापानांचं चित्र, रेस्ट आणि साइट (नेम धरायचं साधन) यांच्यासकट तयार संचात आलेली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. बागेत रानडुकरांनी नासधूस केली तरी आपण बाण लावायचा नाही, वनखात्याकडे जायचं. म्हणजे इथे ही धनुष्यं पेंढ्याच्या नाहीतर फोमच्या लक्ष्यावरच चालतात, आणि रेस्टच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. शिकारी संचातला रेस्ट चालता-बसताना बाण पडू नये एवढ्यासाठी बनवलेला असतो. रोज शंभर-दीडशे बाण, वर खारी हवा आणि जांभ्याची लाल धूळ, हा त्याचा हिशेब नसतो.

पुढचं सगळं उजव्या हाताच्या, रिलीज, म्हणजे स्ट्रिंग (प्रत्यंचा) पकडून सोडायचं खटक्याचं साधन, वापरणाऱ्या तिरंदाजासाठी आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट धरावं.

लक्षणं

एकच बाण दर फेरीत भरकटत असेल तर रेस्टला हात लावू नका, दोष त्या बाणात आहे. त्यासाठी बाणांना नंबर घातलेले हवेत. नंबर नसतील तर आधी ते घाला, नाहीतर पुढची अर्धी तपासणी अंधारात होईल.

कुठलाही बाण कधीही बाहेर जातो, बहुतेकदा डावीकडे किंवा खाली: ड्रॉप-अवे, म्हणजे बाण सुटताच खाली पडणारा रेस्ट, कधी नीट पडतो, कधी अडकतो.

थोडी विश्रांती घेतल्यावर पहिला बाण वेगळा लागतो, पुढचे ठीक: सांध्यात गंज किंवा चिकट तेल.

बाण सुटताना बारीक "टक" आवाज येतो, पंखाची पुढची कड फाटते, किंवा पंख बुडापाशी सुटायला लागतो. हे घासण्याचंच लक्षण. बिस्किट रेस्टवर, म्हणजे ज्याच्या गोल कड्यात ब्रशसारखे केस असतात त्यावर, पंखाची मागची कड लाटेसारखी वळलेली दिसते.

स्ट्रिंग ओढतानाच बाण लाँचरवरून, म्हणजे रेस्टच्या ज्या टोकावर तो टेकतो त्यावरून, घसरतो: लाँचर पूर्ण वर येत नाही, किंवा त्याची पट्टी वाकली आहे.

बाण लक्ष्यात तिरका रुततो, या खुणेवर फार भिस्त ठेवू नका. सैल बांधलेल्या पेंढ्यात सरळ आलेला बाणसुद्धा शेपूट टाकतो. सगळे बाण एकाच बाजूला कललेले असतील आणि लक्ष्य घट्ट असेल, तरच त्याला अर्थ आहे.

पहिली तपासणी बाणाची, खर्च शून्य

कार्बनचा बाण दोन्ही टोकांना धरून, तोंडापासून लांब, हलकासा वाकवा. फिरवून चारही बाजूंनी असंच करा आणि कान द्या. करकर ऐकू आली किंवा बोटाला चीर लागली तर तो बाण मोडून टाका, म्हणजे चुकून कोणी पुन्हा भात्यात घालणार नाही. तडा गेलेला कार्बन सुटताना फुटतो आणि त्याच्या सळ्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. रेस्टच्या तपासणीत ही पायरी पहिली असण्याचं कारण तेच.

मग नॉक, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाचा खाचेचा तुकडा, जो स्ट्रिंगवर बसतो. बाण स्ट्रिंगला लावून धनुष्य आडवं धरा, म्हणजे बाण खाली लोंबेल. तो स्वतःच्या वजनाने सुटता कामा नये, पण स्ट्रिंगवर बोटाने टिचकी मारली की पडला पाहिजे. घट्ट नॉक स्ट्रिंगला खेचून सुटतो, सैल नॉक ओढतानाच हलतो, आणि दोन्हींचा आळ रेस्टवर येतो.

शेवटी नॉकची दिशा. तीन पंख एकमेकांपासून १२० अंशांवर असतात. ब्लेड रेस्टवर, म्हणजे ज्यात बाण एका पातळ पट्टीवर टेकतो त्यावर, वेगळ्या रंगाचा पंख सरळ वर हवा, म्हणजे खालचे दोन पंख पट्टीच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात. नॉक जरा फिरला तरी त्यातला एक पट्टीवर येतो. फेरीतले सगळे बाण रांगेत ठेवून नॉकची खाच आणि रंगीत पंख डोळ्यांनी जुळवून पाहा. एखादा फिरलेला लगेच उठून दिसतो.

दुसरी तपासणी हाताची, तीही फुकट

तेवढ्याच ओढीच्या लांबीच्या दुसऱ्या तिरंदाजाला त्याच धनुष्यावर तेच बाण मारू द्या. त्याच्या हातून पंख घासत नसतील तर तुमची मूठ धनुष्य पिळते आहे. ओढलेल्या अवस्थेत हँडल अंगठ्याखालच्या मांसल भागावर हवं आणि बोटं सैल. मूठ आवळली की सुटण्याच्या क्षणी रायझर, म्हणजे धनुष्याचा मधला ताठ भाग, फिरतो आणि रेस्ट बाणाच्या वाटेत येतो. पावसाळ्यात घामट हातातून धनुष्य निसटेल म्हणून लोक नकळत आवळून धरतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर ही तक्रार वाढते. बोटांची किंवा मनगटाची स्लिंग लावली की हात आपोआप सैल पडतो.

तिसरी तपासणी: स्क्रू आणि ॲलन की

रेस्ट बोटांनी धरून हलवा. सुईएवढा ढिलेपणासुद्धा चालणार नाही. रायझरचा मुख्य बोल्ट, वर-खाली सरकवायचा स्क्रू, डावं-उजवं सरकवायचा स्क्रू आणि लाँचरच्या दांड्यावरचा छोटा ग्रब स्क्रू, असे चार पाहायचे. शेवटचा हमखास विसरला जातो, आणि ढिला होण्यात त्याचाच पहिला नंबर. दांडा दोन-तीन अंश फिरला की लाँचर पडूनसुद्धा पूर्ण खाली जात नाही.

अमेरिकी बनावटीच्या रेस्टचे स्क्रू इंचात असतात आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला ॲलन कीचा संच मिलिमीटरमध्ये. २ मिलिमीटरची की ५/६४ इंचात बरोबर बसते, म्हणून माणूस गाफील राहतो. ३ मिलिमीटरची की १/८ इंचाच्या खाचेत जाते पण सैल राहते, आणि जोर दिला की खाच गोल होते. ३/३२ इंचाला तर २ ची सैल आणि २.५ ची जातच नाही. इंचाचा संच मागवून घ्या. गोल झालेला स्क्रू काढायला लागणारी मजुरी त्याहून जास्त पडते.

ॲल्युमिनियमच्या रेस्टमध्ये लोखंडी स्क्रू आणि त्यावर खारी हवा असली की सांध्याभोवती पांढरी भुकटी धरते. ती ॲल्युमिनियमची झीज आहे. स्क्रू एकेक करून काढा, सगळे एकदम नाही, नाहीतर रेस्टची जागा हरवेल. पुसा, निळा थ्रेडलॉकर थेंबभर लावा आणि परत बसवा. लाल लावू नका, तो गरम केल्याशिवाय सुटत नाही. बसवल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून रेस्टच्या अंगावर नेलपॉलिशची एक सलग बारीक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की कुठला स्क्रू फिरला ते लगेच कळतं.

चौथी तपासणी: घासतंय कुठे?

पुस्तकी पद्धत म्हणजे पंखांवर पायाला लावायची पावडर फवारायची आणि बाण मारून ती कुठे पुसली गेली ते पाहायचं. डिसेंबरात ठीक आहे. जुलैत रत्नागिरीच्या हवेत पावडरीच्या गुठळ्या होतात आणि काहीच वाचता येत नाही. त्याऐवजी स्वस्त लिपस्टिक घ्या, दोन वेगळ्या रंगांची.

एका रंगाचा अगदी पातळ थर लाँचरच्या वरच्या कडेला आणि त्याखालच्या शेल्फला (रायझरची सपाट जागा). दुसऱ्या रंगाचा थर केबलवर, पंख जिथून जातात तेवढ्याच पट्ट्यात. तीन-चार मीटरवरून तीन बाण मारा आणि पंख उजेडात फिरवून पाहा.

पंखाच्या पुढच्या कडेला रंग लागला असेल तर लाँचर उशिरा पडतो आहे. रंग फक्त पंखाच्या मागच्या भागात असेल तर तो वेळेवर पडून शेल्फवर आपटतो आणि उसळून परत वर येतो. एकाच पंखाच्या एका बाजूला असेल तर नॉक फिरलेला आहे, तो १०-१५ अंश फिरवून पुन्हा मारा. केबलचा रंग आला तर रेस्टचा काही संबंध नाही. नॉक फिरवून केबलपासून वाट काढता येते का ते आधी पाहा, नाही जमलं तर केबल बाजूला धरणाऱ्या दांड्याची जागा तपासून घ्यावी लागेल.

पंखावर काहीच रंग नाही आणि तरी बाण शेपूट हलवतो? मग तो घासत नाही. सरळ सातव्या तपासणीकडे जा.

रंग सर्जिकल स्पिरिटने पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्याने पंखांचा डिंक आणि रायझरचा रंग दोन्ही सुटतात.

मोबाइलच्या स्लो मोशनवर सगळा निवाडा करू नका. २४० फ्रेमच्या चित्रीकरणात दोन फ्रेममध्ये चार मिलिसेकंदांहून थोडं जास्त अंतर असतं. सेकंदाला ८० मीटर वेगाने सुटलेला बाण तेवढ्यात ३३ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. लाँचर पडतो की नाही हे दिसेल, पंखाला शिवतो की नाही हे बहुतेक वेळा दिसणार नाही.

पाचवी तपासणी: सफाई

किनाऱ्यावरच्या तक्रारी सगळ्यात जास्त इथेच मिटतात, म्हणून जरा तपशिलात.

ड्रॉप-अवे रेस्टमध्ये एक बारीक दांडा, त्यावर एक स्प्रिंग आणि दोन्ही बाजूंना आधार असतो. दांडा गंजतो. गंज सोडवायला कोणीतरी गंजनाशक फवारतं, लाँचर चार दिवस झकास पडतो. मग त्या ओल्या तेलावर मैदानातली लाल धूळ बसते. जांभ्याची धूळ मैद्यासारखी बारीक असते, तेलात मिसळून तिचा लेप होतो, आणि हा लेप दांडा आणि आधार दोन्ही घासून खातो. दोन महिन्यांनी लाँचर आणखी हळू पडतो, मग आणखी फवारणी. या फेऱ्यात चांगला रेस्ट एका पावसाळ्यात निकामी होतो.

करायचं असं. समुद्राच्या वाऱ्यात सराव झाला असेल तर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने रेस्ट पुसा, लगेच कोरड्याने पुसा. मीठ फक्त कोरड्या फडक्याने जात नाही. जुन्या टूथब्रशला स्पिरिट लावून दांड्याच्या दोन्ही टोकांचा लेप काढा, फडक्यावर लाल डाग यायचा थांबेपर्यंत. पूर्ण सुकू द्या. मग शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब दोन्ही टोकांना, लाँचर दहा-वीस वेळा हलवा आणि बाहेर आलेलं तेल पुसून टाका. बोट लावल्यावर ओलसर लागता कामा नये.

खोबरेल तेल घालू नका. घरात हाताशी असतं म्हणून घातलं जातं, पण ते चिकट होत जातं आणि साधारण २४ अंशांखाली थिजायला लागतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तेवढा गारवा किनाऱ्यावरही असतो, आणि मग "सकाळी बाण वेगळे लागतात" अशी तक्रार येते. ज्या रेस्टची यंत्रणा बंद डबीत आहे त्यात कुठलंच तेल सोडू नका.

धनुष्य ओल्या बॅगेत बंद करून ठेवणं हे गंजाचं सगळ्यात मोठं कारण. घरी आल्यावर बॅग उघडी ठेवा, धनुष्य घरात मोकळ्या हवेत सुकवा, चुलीच्या किंवा बल्बच्या उबेला नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर कधीच ठेवू नका. रेस्टचं सोडा, त्या उष्णतेने स्ट्रिंग ताणते आणि लिंबचे, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांचे, थर सुटू शकतात.

सहावी: फेल्ट

लाँचरवर आणि शेल्फवर चिकटवलेला फेल्टचा तुकडा आवाज मारतो आणि उसळी कमी करतो. दमट हवेत त्याचा डिंक सुटतो, एक कोपरा वर येतो, आणि पंख घासायला तेवढाही पुरतो. जुना फेल्ट काढा, जागा स्पिरिटने पुसा, नवा लावा. लाँचरसाठी फेल्टपेक्षा हीट-श्रिंक नळी इकडे जास्त टिकते. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, फुटावर कापून देतात. शेल्फवर मात्र फेल्टच हवा, नळी उसळी शोषत नाही.

सातवी: रेस्टची जागा

बाण स्ट्रिंगला लावून धनुष्य शिकंजात उभं करा. शिकंजा नसेल तर दुसऱ्याने धरावं. रायझरला जिथे रेस्टचा बोल्ट जातो त्या भोकाच्या मध्यासमोर बाणाचा मध्य हवा. बाण स्ट्रिंगशी काटकोनात, किंवा नॉकची बाजू १.५ ते ३ मिलिमीटर वर. तिरंदाजीचा टी-स्क्वेअर नसेल तर सुताराचा छोटा गुण्या चालतो. डाव्या-उजव्या दिशेत रायझरच्या आतल्या बाजूपासून बाणाच्या मध्यापर्यंत १३/१६ इंच, म्हणजे जवळजवळ २०.६ मिलिमीटर, ही बहुतेक कंपाउंडची सुरुवातीची जागा. धनुष्याच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

हलवण्याआधी आत्ताची जागा पेन्सिलने खुणवून ठेवा. जागा फार चुकली की नॉक खाली दाबला जातो, बाण लाँचरवर आपटून उडी घेतो आणि शेपूट रेस्टवर येते. हे घासणं कितीही सफाई केली तरी जात नाही.

आठवी: दोरी आणि लाँचर पडण्याची वेळ

इथे आधी आपला रेस्ट कोणत्या जातीचा हे ओळखायला हवं, कारण दोघांची दुखणी नेमकी उलट आहेत.

केबलवर चालणाऱ्या रेस्टमध्ये दोरी खाली जाणाऱ्या केबलला बांधलेली असते. स्ट्रिंग ओढली की केबल दोरी ओढते आणि लाँचर वर येतो. बाण सुटला की दोरी सैल पडते आणि स्प्रिंग लाँचरला खाली पाडते. म्हणजे पाडण्याचं काम स्प्रिंगचं. लिंबवर चालणाऱ्यात दोरी लिंबला असते. धनुष्य न ओढलेलं असताना ताठ दोरीने लाँचर खाली धरलेला असतो. ओढताना लिंब वाकतं, दोरी सैल होते, स्प्रिंग लाँचरला वर उचलते. सुटताना लिंब सरळ होतं आणि दोरी लाँचरला खाली खेचते. इथे पाडण्याचं काम लिंबचं.

म्हणून बोटाची चाचणी अशी. धनुष्य न ओढता लाँचर बोटाने वर करून सोडा. केबलचा रेस्ट असेल तर तो प्रत्येक वेळी सारख्याच चपळाईने खाली आला पाहिजे. एकदा जरी रेंगाळला तरी सफाई किंवा स्प्रिंग. लिंबचा रेस्ट असेल तर तो बोटाने वर येताच कामा नये. आला, तर दोरी ताणून लांब झाली आहे किंवा गाठ सरकली आहे. वर ढकलून अडकवायच्या खटक्याच्या रेस्टला ही चाचणी लागू नाही, त्याची पुस्तिका पाहा.

वेळ पाहताना एकाने बाण लावून, लक्ष्याकडे तोंड करून, रिलीजच्या ट्रिगरवरून बोट काढून धनुष्य ओढायचं आणि दुसऱ्याने बाजूला, बाणाच्या टोकाच्या मागे उभं राहून लाँचर पाहायचा. बाण न लावता ओढू नका. चुकून सुटलं तर सगळी ताकद लिंब आणि कॅमवर जाते आणि धनुष्य फुटतं.

केबलच्या रेस्टचा लाँचर ओढीच्या शेवटच्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये पूर्ण वर आला पाहिजे. अर्ध्या ओढीतच वर येत असेल तर दोरी आखूड आहे. जिथे तो वर पोचतो, सुटताना केबल परत तिथे येईपर्यंत तो खाली यायला सुरुवातच करत नाही. म्हणजे लवकर वर येणारा उशिरा पडतो, आणि पंखाच्या पुढच्या कडेला रंग लागतो. शेवटपर्यंत पूर्ण वर येतच नसेल तर दोरी लांब झाली आहे, बाण खाली लागतील. लिंबच्या रेस्टमध्ये लाँचर ओढीच्या सुरुवातीलाच वर येतो, त्यामुळे तिथे ओढीकडे पाहून काही कळत नाही. न ओढलेल्या अवस्थेत दोरी ताठ आहे ना एवढंच पाहायचं.

दोरीला केबलच्या चिमट्यापाशी व्हाइटनरचा ठिपका द्या. पावसाळ्यात नवी दोरी पहिल्या काही सरावांत थोडी ताणते, ठिपका सरकला की कळतं. दोरी बदलायची तर त्याच जाडीची घ्या, टोक लायटरने वितळवून बोंड करा, म्हणजे गाठीतून निसटणार नाही. दोरी केबलच्या धाग्यांमधून ओवलेली असेल तर ती स्वतः काढू नका. धागे उसकटताना एखादा तुटला तर अख्खी केबल बदलावी लागते.

स्प्रिंग आणि ब्लेड

सफाईनंतरही केबलचा लाँचर रेंगाळत असेल तर स्प्रिंग बदला. ताण वाढवायचा स्क्रू असला तरी गंजलेली स्प्रिंग पिळून घट्ट करण्यात अर्थ नाही, ती आठवड्यात तुटते.

ब्लेड रेस्टची पट्टी स्प्रिंग स्टीलची असते. ०.००८, ०.०१० आणि ०.०१२ इंच अशा जाड्या मिळतात. हलक्या बाणाला पातळ, जड बाणाला जाड. जड बाणाखाली पातळ पट्टी दबून उसळते, हलक्या बाणाखाली जाड पट्टी दबतच नाही आणि बाणाला झटका देते. वाकण्याच्या जागी गंजाचा टिपूस दिसला की पट्टी फेका, तिथूनच ती तुटते, आणि तुटते ती बाण सुटतानाच. दोन जादा पट्ट्या तेलाचा हात फिरवून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात.

कागदाची चाचणी, सगळ्यात शेवटी

घासणं बंद झाल्याशिवाय कागद फाडून काही शिकता येत नाही. लोक उलट करतात.

चौकटीला ताणलेला कागद दोन मीटरवर आणि त्याच्यामागे दीड-दोन मीटरवर लक्ष्य, दोन्ही छातीच्या उंचीवर. ओलसर वर्तमानपत्र फाटत नाही, ताणतं आणि भोक खोटं दिसतं, म्हणून पावसाळ्यात कागद आधी घरात सुकवून घ्या. वारा नसताना, शक्य तर सभागृहात किंवा लांब पडवीत, जिथून कोणी अचानक येणार नाही अशा जागी.

नॉकची फाट, म्हणजे बाणाच्या शेपटाने फाडलेली बाजू, टोकाच्या भोकाच्या वर: नॉकिंग पॉइंट (स्ट्रिंगवर नॉक बसतो ती जागा) थोडा खाली, किंवा रेस्ट वर. फाट खाली: याच्या उलट. आधी वर-खाली सोडवा, मग डावं-उजवं. फाट डावीकडे: रेस्ट उजवीकडे. फाट उजवीकडे: रेस्ट डावीकडे. एका वेळी पाऊण-एक मिलिमीटर, मग तीन बाण. एका बाणावरून निर्णय घेऊ नका. डावी फाट हटतच नसेल तर बाण त्या धनुष्याच्या ताकदीला मऊ पडत असण्याचीही शक्यता आहे.

इथे थांबा

रेस्ट दोन-तीन मिलिमीटर हलवूनही फाट जशीच्या तशी राहते आणि दुसऱ्या तिरंदाजाच्या हातूनही तीच येते, तर दोष कॅममध्ये आहे. एकतर वरचा-खालचा कॅम एका वेळी थांबत नाही किंवा कॅम कलला आहे. त्यासाठी केबलला पीळ द्यावा लागतो आणि पीळ द्यायला धनुष्य प्रेसमध्ये दाबावं लागतं. प्रेसशिवाय, दोरखंडाने किंवा पायाने दाबून हे करू नका. त्यात दात आणि डोळे जातात.

केबल किंवा स्ट्रिंगचा धागा तुटलेला, सर्व्हिंग (स्ट्रिंगवर गुंडाळलेला संरक्षक धागा) उसवून खालचे धागे दिसणारं, लिंबवर चीर किंवा पांढरट फोड, कॅमच्या कडेला खवला, चुकून रिकामं सुटलेलं धनुष्य, रायझरमधले रेस्टच्या बोल्टचे आटे गेलेले: यातलं काहीही असेल तर एकही बाण मारू नका. धनुष्य न ओढता जाणकाराकडे न्या. किनाऱ्यावर प्रेस असलेली जागा सहज सापडत नाही. प्रशिक्षकाला विचारा, नाहीतर घाट चढून जिथे कंपाउंडचा नियमित सराव चालतो तिथे जा. साताऱ्यात तो जोरात आहे, २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंडचं वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी अदिती स्वामी तिथलीच. कुरियरने पाठवण्यापेक्षा स्वतः घेऊन जाणं बरं, ओढीची लांबी पाहायला तुम्ही समोर लागता.

तरीही नवाच घ्यायचा असेल

बिस्किट: हलणारा भाग नाही, गंजायला काही नाही, बाण पडत नाही. पावसात केस पाणी धरतात आणि पंखांची झीज होते. खालच्या केसांत खोबण पडली की बाण खाली बसतो, मग आतलं कडं बदलायचं. पंखही जरा कडक लागतात. १५-२० मीटरवर हौसेने मारणाऱ्याला एवढा पुरेसा आहे, दुकानदार काहीही सांगो.

केबलचा ड्रॉप-अवे: बसवायला सोपा, पण पडण्याचं सगळं काम बारीक स्प्रिंगवर आणि स्प्रिंगचा वैरी खारी हवा. रोज पुसायची सवय नसेल तर किनाऱ्यावर घेऊ नये.

लिंबचा ड्रॉप-अवे: शिकारी पद्धतीच्या धनुष्यावर, किनाऱ्यावर राहून, गंभीर सराव करणाऱ्याने हाच घ्यावा. लाँचरला लिंब खेचतं, त्यामुळे थोडा गंज आला तरी तो पडतो. बिघडला तर दोरी सैल होऊन बिघडतो आणि ते बोटाने कळतं.

ब्लेड: ५० मीटरच्या स्पर्धेला उत्तम. पण पट्टी उघडी, बाण सहज घसरतो. सूर स्थिर झाल्यावरच.

स्पर्धेत उतरायचं असेल तर जागतिक नियमानुसार बाण टेकण्याची जागा हँडलच्या खोबणीपासून ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त मागे नको. मागे सरकवता येणाऱ्या शिकारी रेस्टवर हे मोजून पाहा.

मागवताना तीन गोष्टी पाहा: उजव्या हाताचा की डाव्या, तुमच्या रायझरला साधं बोल्टचं भोक आहे की मागच्या बाजूला सरकती खाच, आणि जादा दोरी व स्प्रिंग सोबत मिळते का. तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर दुसरा रेस्ट शोधा. ऐन पावसाळ्यात दोरी गेली तर पार्सलची वाट पाहत बसावं लागतं.